दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे लावा

काल संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला पुण्यात, आमच्या वारज्यात पहिला पाऊस आला. जेमतेम दहा मिनिटं. मातीचा वास सुटला, पोरं गॅलरीत धावली. पाऊस थांबायच्या आत आमच्या सोसायटीसमोरच्या चौकात झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावरून एक मुलगी स्कूटरसकट घसरली. मागची कार तिच्या हेल्मेटपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मुलीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. कारमधले काका उतरले तेव्हा मात्र त्यांना धड उभं राहवत नव्हतं. त्यांना पाणी दिलं, पायरीवर बसवलं आणि मग सवयीने माझी नजर त्यांच्या टायरकडे गेली. पुढचे दोन्ही गोटा. नक्षी म्हणून काही उरलेलीच नव्हती.

मी टायरकडे बघायला लागले त्याला तीन वर्षं झाली. त्याआधी वीस वर्षं गाडी चालवत होते आणि टायर म्हणजे पंक्चर झाल्यावर आठवण्याची वस्तू होती.

माझं माहेर माणगावचं. ताम्हिणीतून जाणं-येणं नेहमीचं, घाटातली वळणं पाठ. त्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आईला पुण्याहून माणगावला सोडायला निघाले होते. महिन्यापूर्वीच टायर बदलले होते. चारही घ्यायला नको म्हणून दोनच घेतले, आणि दुकानदाराने ते पुढे लावले. मीही हो म्हणाले. पुढची चाकंच गाडी ओढतात, तीच वळतात, ब्रेकचा जास्त भारही त्यांच्यावरच, मग चांगले टायर तिथेच हवेत असं कुणालाही वाटेल. मागे तेच जुने, बऱ्यापैकी झिजलेले.

मुळशी मागे पडलं, घाट उतरायला लागला. पाऊस सरळसोट कोसळत होता आणि डोंगरावरून आलेलं पाणी रस्ता ओलांडून दरीत जात होतं. वेग पंचेचाळीसच्या आसपास असेल. एका डाव्या वळणात पाण्याचा पट्टा दिसला म्हणून मी घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन काढला आणि ब्रेकला हलका स्पर्श केला. इतकंच. गाडीचं नाक वळणाच्या आत गेलं आणि शेपूट बाहेर फेकली गेली. पुढचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आजही तुकड्यातुकड्यांनी येतं: काचेतून रस्त्याऐवजी डोंगर, मग आलेला रस्ता, मग आईचा आवाज. गाडी पूर्ण उलटी फिरून डोंगराच्या बाजूच्या गटारात मागचं चाक अडकून थांबली. दरी दुसऱ्या बाजूला होती. आई एकच वाक्य बोलली, "बाळा, तू ठीक आहेस ना?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी हळू होते, रस्ता ओळखीचा होता, टायर नवे होते, मग गाडी फिरली कशी? पुढचे काही महिने मी हे समजून घेण्यात घालवले. जे कळलं ते साधं आहे, आणि ते लायसन्स देताना मला कुणीही सांगितलं नव्हतं.

गाडी कितीही मोठी असो, रस्त्याला तिचा स्पर्श होतो तो चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढ्या जागेत. हजार-बाराशे किलोचं लोखंड, आत आपली माणसं, आणि रस्ता धरून ठेवणारे चार तळहात. वेग वाढवणं, थांबणं, वळणं, सगळं याच चार तळहातांतून होतं. आणि ही पकड हातातल्या शंभराच्या नोटेसारखी मोजकी असते. जवळपास सगळी वळण्यात खर्च झाली असेल तर ब्रेकसाठी काही उरत नाही. वळणाच्या मध्यात ब्रेक दाबणारा माणूस एकच नोट दोन दुकानांत द्यायला बघत असतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर मारायचा, आणि वळणात गाडीला शांतपणे जाऊ द्यायचं.

दुसरी गोष्ट वजनाची. ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तशी गाडीही झुकते. पुढच्या टायरवर भार वाढतो, मागच्यांवरचा कमी होतो. भार कमी म्हणजे पकड कमी. माझ्या गाडीत त्या क्षणी पुढे नवे टायर, वर वजनही पुढे आलेलं, त्यामुळे नाक घट्ट. मागे झिजलेले टायर, वजन उचललं गेलेलं, खाली पाणी. मागची बाजू सुटणारच होती.

आता शीर्षकाकडे येते. पुढची चाकं आधी घसरली तर गाडी वळायचं सोडून सरळ जायला लागते. भीती वाटते, पण माणूस अशा वेळी आपसूक जे करतो, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडतो, ते बरोबरच ठरतं: वेग उतरतो, वजन पुढे येतं, पकड परतते. मागची चाकं आधी घसरली तर तीच आपसूक कृती गाडीला आणखी फिरवते. तिथे स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने अचूक फिरवून गाडी सावरावी लागते, तीही डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि तो सराव आपल्यातल्या कुणालाच नसतो. म्हणून दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे लावायचे आणि मागचे बरे टायर पुढे आणायचे. टायर कंपन्यांचा सल्लाही हाच आहे. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो वा मागच्या, उत्तर बदलत नाही. तरीही काउंटरवर तुम्हाला उलटं सांगितलं जाण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा ऐकू नका. ठामपणे सांगा, मागे लावा.

पहिल्या पावसाबद्दल थोडं. आठ महिने रस्त्यावर ऑइलचे थेंब, टायरचा झिजलेला रबर आणि धूळ साचत असते. पहिला शिडकावा ते धुऊन नेत नाही, कालवतो. रस्त्यावर साबणासारखा पातळ थर बसतो. तास-दोन तास जोरात पडला की तो वाहून जातो आणि रस्ता उलट बरा होतो. म्हणजे मुसळधार पावसाइतकीच ही पहिली दहा मिनिटं धोक्याची असतात, आणि नेमकं तेव्हाच लोक भिजायच्या आत घर गाठायला वेग वाढवतात. त्यात रंगाचे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणं, पेव्हर ब्लॉक आणि पेठांतले गुळगुळीत झालेले सिमेंटचे रस्ते. डांबरी रस्त्याच्या खरखरीत खडीत पाण्याला शिरायला जागा असते आणि रबराला धरायला टोकं असतात. घासून गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर दोन्ही नसतं. आणि कोरड्या दिवसांतही डंपरमधून वळणावर सांडलेली खडी दिसली तर तिच्यावरून जाताना ना ब्रेक, ना स्टिअरिंगला झटका. त्या खडीवर टायर म्हणजे छऱ्यांवर ठेवलेली फळी.

थोडे आकडे देते, कारण माझ्यावर त्यांचाच परिणाम झाला. ताशी 60 च्या वेगाने कोरड्या चांगल्या डांबरावर पूर्ण ब्रेक मारला तर गाडी साधारण 20 मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर 35 च्या आसपास. पण समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, आणि त्या सेकंदात गाडी 17 मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे ओल्यात 52 मीटर. पीएमपीची मोठी बस 12 मीटरची असते. अशा चार बसपेक्षा जास्त लांबी. आता आठवून बघा, सिंहगड रोडला पावसात पुढच्या स्कूटरमागे आपण किती अंतर ठेवतो. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यानंतरचं अंतर चौपट होतं. वळणातही तसंच. साधारण 30 मीटर त्रिज्येचं सपाट वळण कोरड्यात पन्नासपर्यंत निभतं, पावसात चाळिशीच्या आतच पकड संपते. ही शेवटची मर्यादा झाली. त्या वेगाने जाऊन बघायचं नसतं.

पाणी साचलेलं असलं तर प्रकरण आणखी वेगळं. टायरवरच्या खाचा शोभेच्या नाहीत, त्या पाणी बाहेर फेकणाऱ्या मोऱ्या आहेत. मोरी तुंबली की पाणी टायरखालीच राहतं, आणि एका वेगानंतर टायर रस्ता सोडून पाण्यावर चालायला लागतो. स्टिअरिंग एकदम हलकं होतं, फिरवलं तरी काही होत नाही. हा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो हे मला माहीतच नव्हतं. नासाने 1960 च्या दशकात विमानांच्या टायरसाठी मांडलेला हिशेब गाडीला लावला तर 33 पीएसआयला हा वेग ताशी 95 च्या आसपास येतो, आणि हवा 24 वर आली असेल तर ऐंशीच्या जवळ. खाचांपेक्षा पाणी खोल असलं तर, किंवा खाचाच उरल्या नसल्या तर, हे होतं. म्हणजे "जरा हवा कमी ठेवली की ग्रिप चांगली मिळते" हे ऐकीव शहाणपण पाण्यात थेट उलटं पडतं. रुंद टायर टाकून घेणाऱ्यांनीही लक्षात घ्या, रुंद टायरला तेवढं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. असं झालंच तर ब्रेक नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि हळूहळू ॲक्सिलरेटर सोडत वेग उतरू द्यायचा.

नवले पुलाबद्दल लिहिल्याशिवाय पुण्यातल्या माणसाला हा विषय संपवता येत नाही. नवीन कात्रज बोगद्यापासून पुलापर्यंतचा तो लांब उतार. नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड वाहनाने तिथे जवळपास 48 गाड्यांना ठोकरलं होतं. मी रोज त्या रस्त्याने जाते. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे आजही दिसतात, ट्रकवालेच नाही, कारवालेही. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, तापून तापून निकामी होत जातात. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उताराला लागल्या आणि ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. वाचत काहीच नाही. खालच्या गिअरमध्ये उतरा.

मोठ्या एसयूव्ही घेतलेल्या मित्रमंडळींना राग येईल, पण सांगते. उंच गाडी वळणात जास्त झुकते. फोर व्हील ड्राइव्ह चिखलातून निघायला उपयोगी, थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतातच. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या कारमध्ये सक्तीचं आहे आणि ते अनमोल आहे, कारण पूर्ण ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. पण ते नवी पकड तयार करत नाही, आहे तीच नीट वापरतं. ते चालू झालं की पेडल पायाखाली थरथरतं, गुरगुर ऐकू येते. बरेच जण घाबरून पाय उचलतात. उचलू नका. दाबून ठेवा आणि वळा. घरच्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला ही थरथर एकदा रिकाम्या ओल्या मैदानात, हळू वेगात अनुभवायला द्या. मी माझ्या भाच्याला दिली.

मला वाईट याचं वाटतं की हे सगळं आपल्या शहराला नवीन नाही. पिंपरी आणि चाकणमध्ये गाड्या बनतात. ज्या टेकडीवर आपण सकाळी फिरायला जातो तिला एआरएआय टेकडी म्हणतो, ते 1966 साली स्थापन झालेल्या वाहन-संशोधन संस्थेच्या नावावरून. तिथे गाड्यांच्या चाचण्या होतात. आणि त्याच टेकडीखाली आपण सनरूफला लाखभर जास्त मोजतो आणि टायर बदलायची वेळ आली की "अजून एक पावसाळा निघेल" म्हणतो. मीही म्हटलं होतं.

आज घरी गेल्यावर एवढं बघा. टायरच्या खाचांत आडव्या, किंचित उंच पट्ट्या असतात, कडेला त्यांची खूण असते. नक्षी झिजून त्या पट्ट्यांना टेकली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरले. कायद्याने टायर तिथे संपला. नव्या टायरला साधारण आठ असतात. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात तीनच्या खाली गेला की बदला, कायद्याची वाट बघू नका. बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कमी फिरलेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असूनही म्हातारे होतात, रबर कडक होतो, बारीक भेगा पडतात. आणि हवा गाडी फिरवण्याआधी, टायर थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, हवा भरणाऱ्याच्या अंदाजात नसतो. स्टेपनी विसरू नका.

येत्या रविवारी सकाळी आठ ते दहा मी आमच्या पार्किंगमध्ये आहे. खोली मोजायचं गेज आणि हवेचं मीटर, दोन्ही माझ्याकडे आहे. ओळखीच्यांनी गाडी घेऊन या, एका गाडीला पाच मिनिटं लागतात. कालच्या चौकातले काकाही येणार आहेत. पण त्यांचा आज दुपारीच फोन आला होता, टायरच्या दुकानातून. दोनच घेतोय, पुढे लावू की मागे, म्हणून विचारत होते.