‘ळ’चं शपथपत्र

माझं माहेरचं आडनाव गोळे, सासरचं काळे. पहिलं नाव सांगत नाही, त्यातही एक ळ आहे. लग्न ठरवताना घरच्यांनी पत्रिका जुळवल्या, गुण मोजले, मंगळ बघितला. पण मुलीला जन्मभर मध्यप्रदेशात कागद भरायचे आहेत, तेव्हा एवढे ळ झेपतील का, हे कोणीच बघितलं नाही.

बीए मी ग्वाल्हेरला केलं, १९९६ साली. मग लग्न होऊन इंदूरला आले. एमए ‘पुढच्या वर्षी’ करायचं ठरलं होतं. ते पुढचं वर्ष २०२५च्या जून महिन्यात उजाडलं. मुलं शिकून बाहेरगावी गेली, घरात उरलो मी, हे आणि ८३ वर्षांचे माझे सासरे, म्हणजे दादा. मी इतिहासात एमए करायचं जाहीर केलं तेव्हा हे म्हणाले, “कर की. फॉर्मच तर भरायचाय.” या वाक्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी ऑनलाइन फॉर्म भरून देणारं कियोस्क आहे. तिथल्या मुलाने माझं आडनाव इंग्रजीत टाइप केलं आणि खालच्या रकान्यात कॉम्प्युटरने ते आपल्या मनाने हिंदीत उतरवलं: केल. मॉलमध्ये महाग मिळते ना ती कुरळ्या पानांची विलायती भाजी, तीच.

“भिया, ये तो पत्तोंवाली भाजी हो गई,” मी म्हटलं.

“पता नीचे भरेंगे, आंटी,” तो म्हणाला.

त्याने हाताने दुरुस्त करून ‘काले’ केलं. मी म्हटलं, ल नाही, ळ. कुठला ळ? शेवटी पावतीच्या मागे काढून दाखवला. त्याने कागद फिरवून फिरवून बघितला. “आंटी, ये तो आठ लेटा हुआ है।”

हिंदीत ळ नाही, ही काही त्या पोराची चूक नव्हे. दहावीच्या अंकसूचीपासून मी ‘गोले’ आहे आणि विवाह प्रमाणपत्रात ‘काले’. कोणाची तक्रार नव्हती. घोळ माझ्याच हट्टाने झाला. आधार काढताना मी ऑपरेटर मुलीच्या शेजारी ठिय्या देऊन तिला तो ळ शोधायलाच लावला होता, आणि घरी येऊन तो विजय श्रीखंड करून साजरा केला होता. त्यामुळे आधारात मी चक्क ‘काळे’. आता समग्र आयडीत काले, आधारात काळे, अंकसूचीत गोले आणि अर्जात, एका रात्रीपुरती का होईना, केल.

समग्र आयडी मध्यप्रदेशाबाहेरच्या मंडळींना ठाऊक नसेल. आमच्या राज्यात अख्ख्या कुटुंबाला एक आठ आकडी नंबर मिळतो आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळा नऊ आकडी. अख्ख्या काळे घराण्याला आठ आणि मला एकटीला नऊ! सासरी माझं एवढं वजन कधीच नव्हतं. शिवाय अभ्यासक्रमातून मिळणारी क्रेडिट जमा करायच्या खात्याचा बारा आकडी नंबर. २९ वर्षांपूर्वी घोकलेल्या सनावळीतलं माझ्या खात्यावर काही जमा नव्हतं, पण नंबर हवाच.

माइग्रेशन, म्हणजे जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, ग्वाल्हेरच्या भावाने खेटे घालून मिळवलं. चारित्र्याचा दाखला जिथे शेवटचं शिकलात तिथलाच लागतो, असं कळलं. हे म्हणाले, “त्यापुढच्या चारित्र्याचा मी देतो.” बाबूने मान वर न करता सांगितलं, “पति का नहीं चलेगा।”

मग आलं गॅपचं शपथपत्र. शिक्षणात खंड पडला असेल तर मधल्या काळात काय केलंत, ते स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं. मी रात्री बसून मुद्दे काढले होते. दोन बाळंतपणं, सासूबाईंचं सहा वर्षांचं आजारपण, मुलांच्या दहावी-बारावी, आणि सकाळी पोहे, म्हणजे रोज एकदा धरले तरी साडेदहा हजार वेळा. जिल्हा कोर्टाबाहेरच्या नोटरीने माझा कागद बाजूला सारला आणि आधीच टाइप केलेला मजकूर काढला. ‘उक्त अवधि में मैंने किसी शैक्षणिक संस्था में प्रवेश नहीं लिया, न ही किसी आपराधिक गतिविधि में लिप्त रही।’ माझा २९ वर्षांचा संसार एका ओळीत बसला. वर जागाही उरली.

त्या उरलेल्या जागेत त्याने नावाचं घेतलं. काळे उर्फ काले उर्फ गोले. एकदा ‘उर्फ’ लागलं की माणूस चंबळच्या खोऱ्यातला वाटायला लागतो, त्यात मी ग्वाल्हेरची. नोटरीने वरची ‘आपराधिक गतिविधि’वाली ओळ पुन्हा एकदा वाचली, माझ्याकडे बघितलं आणि मग शिक्का मारला.

मुलीचा फोन आला. “आई, २०२२पासून दोन पदव्या एकदम करता येतात, ठाऊक आहे ना?” एका पदवीत माझी चार नावं झाली होती. मी फोन ठेवला.

कागद तपासायच्या दिवशी दादा म्हणाले, मी येतो. ८३ वर्षांच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर म्हातारं माणूस बरोबर असलं की खिडकीशी रांग जरा सरकते. बाबूने आधार आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले. “मैडम, ये ळ हटवा के आओ। ऐसा कोई अक्षर नहीं होता।”

दादांनी काठी खिडकीच्या कठड्याला टेकवली. मी डोळे मिटले.

“ऋग्वेद की शुरुआत किस शब्द से होती है? ‘अग्निमीळे’! वेद के पहले शब्द में ळ है, और आप कहते हो होता नहीं?”

रांगेत शांतता पसरली. बाबू माणूस चांगला. त्याने हात जोडले. “दादाजी, वेद से मिलान नहीं करना है। आधार से करना है।”

दादांना थांबवणं अवघड होतं. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून होळकर, हे त्यांनी बाबूला समजावलं. आणि त्यांच्याच इंदुरात स्टेडियम ‘होलकर’, कॉलेज ‘होलकर’! तिकडे ग्वाल्हेरला शिंद्यांचे सिंधिया झाले. मागून एक मुलगा म्हणाला, “दादाजी, फीस की लास्ट डेट आज है।” इतिहासाच्या एमएला प्रवेश घ्यायला आलेल्या मुलांना इतिहासाची एवढी घाई झालेली मी पहिल्यांदाच बघितली. माझा उर्फवाला कागद पुढे केला, शिक्का बसला, फीस भरली. बाहेर आल्यावर दादांनी दोन प्लेट पोहे सांगितले, वरचा जिरावण मसाला जास्त. माझे साडेदहा हजार एक.

पंधरा दिवसांनी ओळखपत्र मिळालं. नाव आधारावरून घेतलं होतं. पण छापणाऱ्या मशीनमध्ये ळ नसावा, त्यामुळे ‘का’च्या पुढे एक रिकामा चौकोन आणि त्याच्यावर मात्रा. दादांनी चष्मा लावून ते निरखलं.

“जागा ठेवली आहे की त्यांनी,” म्हणाले. “पेन आण.”

आणि त्या चौकोनात त्यांनी आपल्या मोडी वळणाच्या हाताने ळ भरला. इतका देखणा ळ माझ्या नावाला आजवर मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या दाराशी गार्डने कार्ड उजेडात धरलं. “आंटी, इस पर पेन से क्या किया है? ये तो छेड़छाड़ है। ऐफिडेविट लगेगा।”

कोर्टाबाहेरचा नोटरी आता मला नावाने ओळखतो. कुठल्या, ते विचारू नका.