शेतकऱ्याला म्हणे पाऊस पडला की लाखो मिळतात

आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो, परवा सुदामा नगरच्या एका काकांनी परत टाकला. पीक गेलं की शेतकऱ्याच्या खात्यात लाखो येतात, वरून विम्याचे वेगळे, जनावर मेलं तर बाजारभावापेक्षा जास्त, आणि हे सगळं आपल्या टॅक्समधून. काका, राग मानू नका, पण हे चूक आहे आणि दरवर्षी वाचून मला फार त्रास होतो.

आधी ते "लाखो". 2022 ते 2026 साठी केंद्राने ठरवलेला दर कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 आणि ओलिताला 17,000, तेही नुकसान 33 टक्के किंवा वर असेल तरच आणि जास्तीत जास्त 2 हेक्टरपर्यंत. आपलं मध्यप्रदेश सरकार आरबीसी 6(4) मध्ये, म्हणजे महसूल खात्याच्या मदतीच्या नियमात, यापेक्षा वाढवून देतं, ते खरंय. पण सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये क्विंटल, म्हणजे केंद्राच्या 8,500 मध्ये दोन क्विंटलचेही पैसे होत नाहीत, आणि बरा हंगाम असला तर हेक्टरी दहा क्विंटल तरी निघतं. नियमात याला भरपाई म्हटलेलंच नाही, इनपुट सबसिडी म्हटलंय, म्हणजे पुढच्या पेरणीच्या बी-खताला हातभार.

आता विमा. तो फुकट नाही, खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के आणि रब्बीला दीड टक्का हप्ता शेतकरी स्वतः भरतो. आणि क्लेम बहुतेक वेळा तुमच्या एकट्याच्या शेतावरून ठरत नाही, पूर्ण पटवारी हलक्याची, म्हणजे एका पटवाऱ्याकडच्या (तलाठ्याकडच्या) गावांची, सरासरी काढतात, ती बरी आली की तुमचं शेत बुडालेलं असलं तरी हातात काही नाही. गारपीट झाली किंवा कापून वाळत घातलेलं पीक भिजलं तर 72 तासांत कळवावं लागतं, आता ज्याच्या गावात लाइटच नाहीये त्याने फोन चार्ज कुठे करायचा सांगा.

जनावराचं म्हणाल तर केंद्राच्या त्याच दरांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500, बकरीला 4,000, आणि घरटी तीनच मोठी दुभती जनावरं. चांगली म्हैस या पैशात घेऊन दाखवा.

इन्कम टॅक्स शेतीच्या उत्पन्नावर नाही, मान्य. पण कीटकनाशकावर 18 टक्के जीएसटी आणि डिझेलवरचा टॅक्स शेतकरी पण भरतोच ना.

घोटाळे होतात, तेही लपवत नाही. सिवनी जिल्ह्यात त्याच त्याच माणसांना साप चावून मेलेलं दाखवत प्रत्येक वेळी सरकारी मदतीचे 4 लाख काढले, 11 कोटींच्या वर रक्कम गेली असं चौकशीत पुढे आलं. पण ते बिलं बनवणाऱ्यांनी केलं, शेतात उभ्या माणसाने नाही.

आणि मेसेजमध्ये नसलेली गोष्ट मी आमच्या घरातली सांगतो. इंदूरजवळ सांवेरकडे आमची थोडी जमीन आहे, ती एका कुटुंबाकडे बटाईवर आहे. एका वर्षी कापणीच्या तोंडावर आठ दिवस पाऊस लागला, बाबांनी जाऊन शेंग फोडली तर आत दाण्याला पांढरे मोड आलेले आणि बोटांना काळी बुरशी लागली. पटवारी आला, सर्वे झाला, खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या कागदात, नाव बाबांचं म्हणून पैसे आले इंदूरला बाबांच्या खात्यात. बी बटाईदाराचं, मजुरी त्याची, उधारी त्याची. मध्यप्रदेशच्या 2016 च्या कायद्याने लेखी करार असेल तर बटाईदाराला मदत मिळू शकते, पण आमच्याकडे तरी सगळं तोंडीच होतं. बाबा दुसऱ्या दिवशी ती रक्कम घेऊन सांवेरला गेले तेव्हा फेब्रुवारी चालू होता, गहू ओंबीवर आला होता, आणि त्या गव्हाचं बी त्याने बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून आणलं होतं.