२०२० ची ओळ कुठे गेली?

आज दुपारपासून डोकं फिरलंय. फिरलेलं आहे तोवरच लिहून टाकते, उद्या सकाळी शहाणपण सुचलं तर पोस्ट उडवेन.

थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. आमच्या मिशिगनमध्ये हा दिवस म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. तिकडच्यांसाठी सांगते: मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट. कॉलेज फुटबॉल. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलची ईर्षा असते ना, तसलीच. फक्त इथला चेंडू लांबुळका, आणि नाव फुटबॉल असलं तरी तो हातात घेऊन पळतात. (हे मला अठरा वर्षांत पटलेलं नाही. असो.)

दरवर्षीप्रमाणे एका मित्राकडे पॉटलक. हा मित्र कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटलाच, शिकलेला, त्यामुळे कट्टर ओहायोवाला. त्यांच्यात या आठवड्यात इंग्रजी 'एम' अक्षरावर लाल फुली मारायची पद्धत आहे, मिशिगनचा 'एम' म्हणून. मी नेलेल्या मसालेभाताच्या चिठ्ठीवरच्या 'एम'वरही याने फुली मारून ठेवली होती. इथपर्यंत मीसुद्धा हसत होते.

मग सामना सुरू व्हायच्या आधी टीव्हीवर मागच्या काही वर्षांचे निकाल आले. २०१८, ओहायो स्टेट ६२-३९. २०१९, ओहायो स्टेट ५६-२७. आणि त्याखाली थेट २०२१, मिशिगन ४२-२७. मधे काही नाही. '२०२०, रद्द' एवढंसुद्धा नाही. जणू ते साल कॅलेंडरात छापलंच नव्हतं.

मित्र म्हणाला, "त्या वर्षी हे रणछोडदास झाले होते!"

सगळे हसले. आमचे हेही हसले (त्याचा हिशोब घरी वेगळा चाललाय). मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मागून आवाज आला, "वहिनी, चिडू नका हो, गंमत केली!"

गंमत. बरं.

आमचा धाकटा तेव्हा मिशिगन विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता. टीममध्ये नाही हो, आपली मुलं कसली त्या राक्षसांच्यात. तो बँडमध्ये. ट्रॉम्बोन. पहिल्या वर्षी त्याला बघायला आम्ही स्टेडियमवर गेलो, तेव्हा मला वाटलं होतं की बँड म्हणजे एका कोपऱ्यात बसून वाजवणारी मंडळी असतील. तर ती शेकडो पोरं बोगद्यातून धावत मैदानात आली. गुडघे छातीपर्यंत उचलत, वाद्य हातात घेऊन, आणि एक लाख माणूस उभं राहिलं. माझ्या अंगावर काटा आला. मिरवणुकीत ढोलपथक चौकात शिरतं आणि पहिला ठोका पडतो, तेव्हा पोटात जे होतं ना, अगदी ते.

त्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांच्या वर माणसं बसतात. नोव्हेंबर १९७५ पासून तिथे एकही सामना लाखाच्या खाली गेला नव्हता. २०२० मध्ये खेळाडूंचे घरचे लोक सोडले तर कुणालाच प्रवेश नव्हता. बँडलाही नाही.

म्हणजे ३० नोव्हेंबर २०१९ ला तो त्या बोगद्यातून धावला तो शेवटचाच, आणि ते त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी हरले म्हणून तोंड पाडून आला आणि कढी-खिचडी खाऊन झोपला. निरोप-बिरोप काही नाही.

आता टीमचं सांगते, कारण 'पळाले' म्हणणाऱ्यांना काही आठवत नाही. ११ ऑगस्टला बिग टेनने (तेव्हा चौदा विद्यापीठांचा गट, दोघंही त्यातलेच) जाहीर केलं की कोरोनामुळे यंदा खेळणार नाही. ओहायो स्टेटच्या जस्टिन फील्ड्सने 'आम्हाला खेळायचंय' म्हणून ऑनलाइन सह्या गोळा केल्या, काही लाख लोकांनी सह्या केल्या. पालक रस्त्यावर उतरले. १६ सप्टेंबरला निर्णय फिरवला. ऑक्टोबर संपता संपता सुरुवात, आठ आठवड्यांत आठ सामने, मधे एकही रिकामा शनिवार नाही. त्यामुळे एखादा सामना हुकला की हुकलाच, पुढे ढकलायला जागाच ठेवली नव्हती. पोरांच्या रोज सकाळी चाचण्या. पॉझिटिव्ह आला की एकवीस दिवस बाहेर, वर हृदयाच्या तपासण्या. वीस-एकवीस वर्षांची पोरं ही. त्यांना तेव्हा स्वतःच्या नावावर जाहिरातीचा एक डॉलर घ्यायची परवानगी नव्हती, ती १ जुलै २०२१ ला मिळाली. हिशोब बघा. सामने टीव्हीवर, पैसे सगळ्यांना, आणि नाकात काडी पोरांच्या.

मिशिगन सहा सामने खेळलं. दोन जिंकले, चार हरले. घरच्या मैदानावरचे तिन्ही हरले, आणि घरी एकही विजय नाही असं त्यांच्या इतिहासात पूर्वी कधी झालं नव्हतं. रटगर्सला जादा वेळेच्या तीन फेऱ्या खेळून कसेबसे ४८-४२ ने हरवलं. मग टीममध्ये कोरोना पसरला आणि शेवटचे तिन्ही सामने गेले: मेरीलँड, ओहायो स्टेट, आयोवा. ओहायोचा सामना १२ डिसेंबरला होता, मंगळवारी ८ तारखेला रद्द झाला.

त्याच्या आठवडाभर आधी टीव्हीवरच्या एका नामवंत समालोचकाने बोलून टाकलं होतं की मिशिगन पांढरं निशाण दाखवून हा सामना टाळेल. त्याने नंतर माफी मागितली. आमच्या मित्राने मागितलेली नाही.

हो, मान्य आहे, तो सामना झाला असता तर आम्ही सडकून मार खाल्ला असता. झालं? पुढे.

तो मंगळवार मला नीट आठवतो. धाकटा घरी आला होता, थँक्सगिव्हिंगनंतर वर्ग ऑनलाइनच होते. जेवताना फोन बघितला, उलटा ठेवला आणि म्हणाला, "आई, अजून एक पोळी." एरवी दोनच्या वर न खाणारा मुलगा त्या दिवशी पाच पोळ्या खाऊन उठला.

शनिवारी १२ तारखेला बाराला पाच कमी असताना गराजचं दार उघडल्याचा आवाज आला. मी आतून ओरडले, "अरे दार लाव, सगळी गरम हवा चालली!" (आईच्या तोंडून त्या क्षणी हेच निघालं, काय करणार.) उत्तर नाही. खिडकीतून बघितलं तर हा ड्राइव्हवेच्या टोकाला. घरातले स्लीपर, वर जाड जॅकेट, हातात ट्रॉम्बोन. बाराच्या ठोक्याला सामना सुरू व्हायचा होता कोलंबसला. बाराच्या ठोक्याला याने कॉलेजचं गाणं सुरू केलं.

एकट्याने. शेकडो वाद्यांचं गाणं एका वाद्यावर कसं वाटतं माहीत आहे? आरतीला सगळे आलेले असावेत आणि टाळ एकाच्याच हातात असावी, तसं. समोरच्या घरातल्या आजीबाई, सहा महिने दाराबाहेर न पडलेल्या, पोर्चवर येऊन उभ्या राहिल्या. कोपऱ्यावरचा गृहस्थ कुत्र्याला फिरवत होता, तो थांबला आणि त्याने टोपी काढली. आणि गाणं शेवटच्या ओळीवर आलं तेव्हा हा थांबला. वाद्य खाली घेतलं. शेवटची ओळ वाजवलीच नाही. खांदे हलत होते. मी खिडकीतच उभी. बाहेर गेले नाही. जायला हवं होतं.

ही माझी २०२० ची ओळ आहे. ती त्या टीव्हीवाल्यांकडे नाही.

आता मित्राचा मुद्दा, कारण त्याने जेवणानंतर तो काढलाच आणि मला तिथे उत्तर सुचलं नाही. (मला उत्तरं नेहमी गाडीत सुचतात.) तो म्हणाला, "वहिनी, तेव्हा तुम्हीच तर म्हणत होता की खेळूच नये!"

म्हणत होते. खरं आहे. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅन आर्बरला (मिशिगन विद्यापीठाचं गाव) एवढ्या केसेस वाढल्या की काउंटीने २० तारखेला फर्मान काढलं: विद्यापीठाच्या अंडरग्रॅड मुलांनी दोन आठवडे खोलीबाहेर पडायचं नाही. वर्ग, औषध, जेवण सोडून. आमचा धाकटा चार पोरांबरोबर भाड्याच्या घरात कोंडलेला. एकाला वास येईना, म्हणून बाकीचे चौघे तोंडाला फडकं बांधून मॅगी करतायत. आणि त्याच आठवड्यात टीम विमानाने मिनेसोटाला सामना खेळायला! टीमला त्या फर्मानातून सूट होती. मी तेव्हा इथेच, याच भिंतीवर लिहिलं होतं, 'शाळा बंद, धंदा चालू'. आजही शब्द मागे घेत नाही.

पण खेळवू नका म्हणणं वेगळं, आणि ज्यांना खेळवलं त्यांना नंतर पुसून टाकणं वेगळं. तुम्हीच नाचवलं ना त्यांना रिकाम्या स्टेडियममध्ये, पुठ्ठ्याच्या माणसांसमोर, स्पीकरवरून गर्दीचा आवाज सोडून? मग आता त्यांची ओळ का खोडता?

आणि हो मित्रा, वाचतोयस ना? तुमची टीम त्या वर्षी नियमित सीझनमध्ये पाचच सामने खेळली. पाच! इलिनॉयचा सामना कुणाच्या टीममधल्या कोरोनामुळे रद्द झाला? तुमच्या. तुमचा कोच पॉझिटिव्ह होता. तेव्हा तुम्ही रणछोडदास नव्हता? तेव्हा 'काळजी घ्या'. गटाच्या अंतिम सामन्याला किमान सहा सामने हवेत असा नियम होता. आमचा सामना रद्द झाला, दुसऱ्याच दिवशी नियम गेला. मग तुम्ही नॉर्थवेस्टर्नला हरवलं, पुढे क्लेमसनला हरवलं, आणि अलाबामाकडून ५२-२४ खाल्ले. तो प्रवास तुमच्या घरातल्या भिंतीवर फ्रेम करून लावलाय, मी आज हात धुवायला जाताना बघितला. तुमचं २०२० फ्रेममध्ये आणि आमचं गायब?

(ती पोरं क्लेमसनविरुद्ध भारी खेळली, ते सोडा.)

जरा पाणी पिऊन आले.

शांत झाल्यावर एक गोष्ट आठवली. हा मिशिगन-ओहायोचा सामना दरवर्षी न चुकता सुरू झाला तो १९१८ ला. साल बघा. मानमोडीचं साल. अख्ख्या जगात फ्लूची साथ, इथेही सामने धडाधड रद्द, मिशिगनचे त्या वर्षी पाचच झाले. आणि तरी ३० नोव्हेंबरला कोलंबसला जाऊन १४-० ने जिंकून आले. तिथपासून २०१९ पर्यंत सलग १०२ वर्षं. दुसरं महायुद्धसुद्धा आडवं आलं नाही. साथीत सुरू झालेली माळ साथीतच तुटली.

माझ्या आजीची आई मानमोडीत गेली. आजी तेव्हा दोन वर्षांची. आमच्या कऱ्हाडच्या घरात त्या सालाबद्दल कुणी बोलायचंच नाही. कुणाचं लग्न कधी, विहीर कधी बांधली, म्हैस कधी मेली, सगळं सालासकट ठाऊक. पण ते साल आलं की आजीचे काका थेट पुढच्या सुगीवर उडी मारायचे. मी लहानपणी विचारलं होतं, "मग त्या वर्षी काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही झालं."

आज टीव्हीवर तेच बघितलं मी. 'काही नाही झालं.'

खेळाडूंना निदान एक वर्ष वाढवून मिळालं, म्हणजे ज्यांना हवं त्यांनी २०२१ ला परत खेळावं. बरं केलं, त्याबद्दल तक्रार नाही. बँडमधल्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना कोण वर्ष वाढवून देणार? धाकटा मे महिन्यात पदवी घेऊन नोकरीला लागला. नोव्हेंबर २०२१ ला मिशिगनने ओहायोला दहा वर्षांनी हरवलं, लोक मैदानात घुसले, बँड वाजत होता. हा तेव्हा शिकागोला भाड्याच्या खोलीत लॅपटॉपवर बघत होता. मी फोन केला तर म्हणाला, "आई, ट्रॉम्बोनवाले जरा पुढे पळतायत." बस, एवढंच.

मसालेभात मात्र सगळा संपला. फुली मारलेल्या चिठ्ठीसकट भांडं परत आणलंय.

ता. क. पोस्ट टाकायच्या आधी धाकट्याला फोनवर वाचून दाखवली, त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, मी रडत नव्हतो. ओठ बधिर झाले होते, सूर निघेना. आणि खांदे थंडीने हलत होते." मी म्हटलं, इतकी वर्षं का नाही सांगितलंस? तर म्हणे, "तू सगळ्यांना इतकं छान सांगायचीस."

मग म्हणाला, ओहायोवाल्या काकांवर लिहिलेलं काढून टाक. ते काढत नाहीये.