पाच बोर्डांसाठी पण चीनच?

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आम्ही शेतीपंपाची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करणारे स्टार्टर बनवतो, डिझाईन आमचं, कोडिंग आमचं, पण नवीन काही करायचं म्हटलं की घोडं अडलंच! परवा ट्रायलला चार लेयरचे फक्त पाच पीसीबी, म्हणजे सर्किटचे बोर्ड, हवे होते, इथला सप्लायर म्हणतो शंभरच्या खाली परवडत नाही, मग मागवा चीनमधून आणि बसा कस्टममधून सुटायची वाट बघत. चिप बाहेरची, मोबाईल नेटवर्कला जोडणारं जीएसएम मॉड्यूल पण बाहेरचंच. २०२१ ला केंद्राकडून सेमीकंडक्टरसाठी, म्हणजे चिप इथंच बनवायला, ७६,००० कोटी मंजूर झाले, चांगलंच आहे ओ, पण आमच्या आठ माणसांच्या शेडला साधी सर्ज टेस्ट, म्हणजे अचानक व्होल्टेज उसळलं तर माल टिकतो का ते बघायची टेस्ट, करायची तरी पुण्याला पळावं लागतं. आणि तिकडं शेतकरी रात्री दोनला लाईट आली की बॅटरी घेऊन विंचूकाट्यातनं मोटर चालू करायला निघालाय, त्याला किती दिवस थांब म्हणायचं?