वाळवंटातलं झाड आणि शेजारचे काका

चार दिवस बाहेर गेले होते. तेवढ्यात शेजारच्या काकांनी माझ्या अडेनियमला, म्हणजे फुगीर बुंध्याच्या फुलझाडाला, सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी पाजलं. तेही पानं गाळून थंडीत झोपलेल्या झाडाला.

"अगं, एक पान उरलं नव्हतं बिचाऱ्याला!"

"काका, ते वाळवंटातलं झाड आहे."

"मग तर जास्तच तहानलेलं असणार!"

यावर काय बोलणार? वर त्यांनी बुंधा दाबून दाखवला. "बघ, कसा लुसलुशीत झालाय. आधी दगड होता नुसता!"

अहो, तो दगडच हवा होता! बुंधा मऊ लागला की आधी माती बघायची. माती कोरडी असेल तर झाड तहानलेलं. पाणी दिलं की फुगतं. माती ओली असेल तर आतून सडलेलं, आणि आता पाणी म्हणजे शेवटचं गंगाजल. पानं नसलेलं झाड फारसं पाणी ओढत नाही, मुळं चिखलात गुदमरतात आणि बुरशी खालून वर चढते.

उपटलं. मुळं तपकिरी, वास नकोसा. हातमोजे घालून, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने सडका भाग कापत गेले. प्रत्येक कापानंतर सुरी परत पुसायची, नाहीतर आपणच सड पुढे नेतो. तपकिरी ठिपकाही उरता कामा नये. चीक विषारी, आफ्रिकेत तो बाणांना लावत. ही माहिती काकांना मुद्दाम दिली. ते म्हणाले, "म्हणूनच धुऊन काढत होतो."

आता आठ-दहा दिवस सावलीत, कापावर कोरडी खपली धरेपर्यंत. मग निम्मा भाग जाडसर वाळू, पाव भाग विटेचे तुकडे, पाव भाग कंपोस्ट, तेही कोरडंच. भोकाची मातीची कुंडी, आणि पहिलं पाणी आणखी आठवड्याने. सड बुंध्याच्या गाभ्यात पोचली असेल तर फांद्या लावायच्या. त्या जगतात, फुलतातही, पण बियांच्या रोपासारखा गुबगुबीत बुंधा त्यांना सहसा येत नाही. म्हणजे तसं झालं तर माझी इतक्या वर्षांची गुबगुबी गेलीच की! आणि वर "थँक यू काका" म्हणायला लागलं ते वेगळंच.

सध्या झाड वर्तमानपत्रावर उघडं पडलंय. काका आत्ताच जाळीतून डोकावून गेले.

"अगं, मातीसुद्धा काढून घेतलीस? निदान ओल्या फडक्यात तरी गुंडाळ."