‘मी’ नाहीच, असं अद्वैत म्हणत नाही

एक मजकूर वरचेवर फिरतो: ‘मी’ हा भ्रम आहे हे मेंदूविज्ञानाने सिद्ध केलंय, बुद्ध आणि शंकराचार्य हेच सांगून गेले, तेव्हा कर्ताच नाही तर अपराधीपण कसलं?

आधी ते ‘सिद्ध केलंय’ बघू. पुरावा म्हणून हमखास मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३चा प्रयोग पुढे केला जातो. हात हलवावासा वाटल्याची जाणीव होण्याच्या साधारण एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत विद्युत हालचाल सुरू झालेली दिसली. पण या हालचालीचा असा चढता आलेख मेंदूतल्या नेहमीच्या चढउतारांतूनही तयार होऊ शकतो, हे ॲरन शर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलं. म्हणजे निर्णय आधीच झाला होता, हा निष्कर्ष डळमळीत. शिवाय इच्छा कधी उमटते याचं मोजमाप म्हणजे ती कोणाला जाणवते याचं उत्तर नव्हे. वेळ नोंदवायला ‘आत्ता मला वाटलं’ म्हणणारा माणूस या प्रयोगातही लागलाच होता!

खरी गल्लत पुढे आहे. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या सुरुवातीलाच म्हणतात की आपण आहोत हे प्रत्येकाला ठाऊक असतं, ‘मी नाही’ असं कोणालाच वाटत नाही. त्यांचं अद्वैत, म्हणजे आत्मा आणि ब्रह्म एकच मानणारं तत्त्वज्ञान, नाकारतं ते देह, मन, नाव यांत स्वतःला कोंडून घेणं. उरतो तो साक्षी, म्हणजे हे सगळं जाणणारा, आणि तो नाकारताच येत नाही, कारण नाकारणाराही तोच. त्याच भाष्यात ते बौद्धांच्या क्षणिकवादावर (सगळं क्षणभरच टिकतं, या मतावर) तुटून पडतात: काल पाहिलेलं आज आठवतं, तर पाहणारा आणि आठवणारा एकच हवा. त्यांचं खंडन पटो न पटो, पण ज्यांच्याशी ते भांडले त्यांच्याच रांगेत त्यांना बसवायचं कसं? बुद्धांनीही सरसकट ‘नाही’ म्हटलेलं नाही. माणूस ज्या पाच घटकांचा (स्कंधांचा) बनतो, त्यांपैकी एकही आत्मा नव्हे, असं ते सांगतात. पण वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने ‘आत्मा आहे का?’ आणि मग ‘नाही का?’ असं विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा ते गप्प राहिले. होकार दिला तर शाश्वतवाद (आत्मा कायमचा आहे, हे मत), नकार दिला तर उच्छेदवाद (मरणाबरोबर सगळं संपतं, हे मत), असं कारण त्यांनी नंतर आपल्या शिष्याला, आनंदाला सांगितलं. रोजच्या ‘मी’ची पकड सैल करायची, इतपत दोघांचं जुळतं, हे मान्य.

राहिलं अपराधीपण. बुद्धांनी तर हेतूलाच कर्म म्हटलंय, म्हणजे जबाबदारी सुटत नाही. शंकराचार्यांच्या मते आत्मज्ञान होईपर्यंत व्यवहार, विधिनिषेध, कर्मफळ सगळं लागू असतं. ‘कर्ता नाही’ हे वाक्य ज्ञान्याच्या स्थितीचं वर्णन आहे. दुसऱ्याला दुखावल्यावर माफी टाळण्यासाठी ते वापरणाऱ्यांना कौतुक स्वीकारताना मात्र कर्ता बरोबर सापडतो.