पुनजर्न्म, ६२ किलो

आज सकाळी नारायण पेठेतल्या रद्दीच्या दुकानात एक कादंबरी काट्यावर चढली. १८० प्रती, ६२ किलो, १२ रुपये किलोने ७४४ रुपये. दुकानदार एकेका प्रतीचं कव्हर टराटरा फाडून बाजूला टाकत होता, कारण लॅमिनेशन केलेला कागद लगद्याला चालत नाही. आणि जिने ती लिहिली ती बाई, निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या आसपासच्या काकू, मांडीवर पिशवी धरून स्टुलावर बसून हे बघत होत्या.

पहिली कादंबरी. विषय पुनर्जन्म.

ढिगातली एक प्रत उघडली तर सातव्या पानावर शब्द होता ‘पुनजर्न्म’. नवव्या पानावर परत ‘पुनजर्न्म’. पुढे ‘धमर्’, ‘वषर्’, ‘पूवर्जन्म’. ३०४ पानांच्या पुस्तकात ज्या विषयावर पुस्तक आहे तो शब्दच धड छापलेला नाही! कव्हरवर मात्र बरोबर, कारण कव्हर वेगळ्या माणसाने केलं.

हे कसं होतं, ते छपाईतल्या कुणालाही विचारा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये रफार, म्हणजे ‘धर्म’मधला डोक्यावरचा र, अक्षराच्या नंतर साठवला जातो, युनिकोड या आजच्या पद्धतीत तो आधी यावा लागतो. फाइल जुन्यातून नव्यात नेणाऱ्या कन्व्हर्टरने जागा बदलली नाही की ‘धर्म’चा ‘धमर्’ झालाच. याच वाटेने ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ आणि ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं. उपाय काय? फाइल बदलली की सगळ्यात आधी ‘धमर्’, ‘वषर्’, ‘कायर्’ हे तीन शब्द शोधायचे. एक जरी सापडला तर फाइल परत पाठवायची. पाच मिनिटांचं काम. ते झालं नाही, म्हणजे पुस्तक कुणी वाचलंच नाही. टंकलेखकाने नाही, मांडणी करणाऱ्याने नाही, प्रकाशकाने तर नाहीच. प्रूफ म्हणून काकूंच्या मोबाइलवर पीडीएफ पाठवली आणि ‘चेक करून ओके कळवा’. बाईंना मोतीबिंदू!

प्रकाशकाचं नाव घेत नाही. कुणाकुणाचं घेणार?

पुस्तक छापून देण्यासाठी प्रकाशकाने काकूंकडून घेतलेलं पॅकेज होतं १ लाख ८५ हजारांचं. ५०० प्रती. म्हणजे प्रत पडली ३७० रुपयांना. आणि छापील किंमत ३५०. पुन्हा वाचा. वितरक ४० टक्के कापणार, हातात येणार २१०. सगळ्याच्या सगळ्या प्रती खपल्या असत्या तरी दर प्रतीमागे १६० रुपयांचा खड्डा. हा हिशेब चौथीतलं पोर करेल. काकूंनी जन्मभर चौथीलाच शिकवलं, पण स्वतःचं पुस्तक समोर आलं की माणूस हिशेब करत नाही आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं.

त्या पॅकेजमध्ये एक ओळ होती, ‘आयएसबीएन शुल्क ४,०००’. मंडळी, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तो आपल्याकडे फुकट मिळतो. केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था तो देते, लेखकालाही स्वतःच्या नावावर ऑनलाइन अर्ज करून घेता येतो. तेरा आकड्यांचे चार हजार! पुढची ओळ ‘प्रकाशन सोहळा ३५,०००’, त्यात शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं मानधन. अध्यक्षांनी भाषणात नायिकेचं नाव दोनदा चुकवलं. त्यांनीही वाचली नव्हती.

आणि करार! ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे.’ पैसे काकूंचे, हक्क प्रकाशकाचे. कॉपीराइट कायद्यात हक्कांची मुदत लिहिलेलीच नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे काहीही न लिहिता सही केली असती तरी काकू आजच्यापेक्षा बऱ्या राहिल्या असत्या. छापील आवृत्ती, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे पाच हक्क पाच वेगळ्या ओळींत हवेत. मुदत हवी, आवृत्तीची प्रतसंख्या हवी, वर्षातून एकदा विक्रीचा हिशेब मिळेल असं लेखी हवं. काकूंच्या १०० प्रती ‘वितरणात’ गेल्या त्या गेल्याच, त्यांचा ना हिशेब ना पत्ता.

बरं, प्रकाशकालाही पोट आहे. अनोळखी लेखकाच्या पहिल्या कादंबरीत स्वतःचे पैसे कोण घालणार, हे कबूल. लेखकाने पैसे घालण्यातही लाज नाही. पण पैसे घेतलेस ना बाबा? मग वाच तरी!

कारण खरी चूक रफाराची नव्हतीच. ती आत होती, आणि वाचणाऱ्याला तिसऱ्या प्रकरणात दिसली असती.

काकूंची नायिका हिंजवडीत संगणक अभियंता, जन्म १९९१चा. गेल्या जन्मी सरदारकन्या, आणि नारायणरावाच्या खुनाच्या वेळी शनिवारवाड्यात हजर. पुण्यात पुनर्जन्मावर लिहायला बसलेला प्रत्येक माणूस गेल्या जन्मी शनिवारवाड्यातच कसा असतो? पखालजी कुणी नव्हतं? कासार नव्हता, तेली नव्हता? सगळं पुणं काय सरदारांचं होतं?

काकूंच्या वाड्यात खून रात्री मशालींच्या उजेडात होतो. तो झाला ३० ऑगस्ट १७७३ला, भर दुपारी. त्याच प्रकरणात दासी चहा घेऊन येते. पेशवाईतल्या स्वयंपाकघरात चहा? शिवाय कुणीतरी ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून लक्ष्मी रस्त्याकडे जातो, जो रस्ता विसाव्या शतकातला. वेळ तेव्हा घटका-पळांत मोजत, एक घटका २४ मिनिटांची, दिवसरात्रीच्या ६० घटका. तारीख तिथीने आणि शकाने. पानिपत १४ जानेवारी १७६१ला झालं म्हणतो आपण, पण त्या दिवशी ज्याचा भाऊ मेला त्याच्या तोंडी शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी असणार.

भाषेची तर वेगळीच गंमत. मालिकांमुळे सगळ्यांना वाटतं पेशवाईत लोक ‘आपली आज्ञा शिरसावंद्य’ असं बोलत. त्या काळची पत्रं उघडून बघा. ताकीद, तजवीज, मजकूर, दाखल, रवाना, फारसीने नुसती भरलेली. मोडी येत नसेल तरी छापलेली पत्रं भारत इतिहास संशोधक मंडळात बसून वाचता येतात, सदाशिव पेठेतच तर आहे. पंधरा दिवस रोज दोन तास बसलं तरी संवादांचा कान बदलतो. सोहळ्याचे ३५,००० वाचले असते ते वेगळंच.

आणि सगळ्यात मोठं भोक. १७७३ला मेली आणि १९९१ला जन्मली. मधली २१८ वर्षं बाई होती कुठे? कादंबरीत यावर चकार शब्द नाही. वाचकाला हा प्रश्न पडतोच. एकतर मधले दोन-तीन जन्म सूचित करा, नाहीतर अंतर कमी करा, नाहीतर त्या गैरहजेरीचीच गोष्ट करा. या विषयाचा अभ्यास ज्यांनी केला त्यांच्याकडे बघा. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन जन्मभर मागचा जन्म आठवतो म्हणणारी मुलं शोधत हिंडले, भारतातही आले. त्यांच्या नोंदींत मुलं साधारण दोन ते पाच वर्षांची असताना बोलू लागतात आणि थोडी मोठी झाली की विसरतात. १९६६च्या पुस्तकाच्या नावातही त्यांनी ही प्रकरणं पुनर्जन्म ‘सुचवणारी’ म्हटलं, सिद्ध करणारी म्हटलं नाही. संमोहनाने तिशीतल्या माणसाला मागचा जन्म आठवतो, यावर त्यांचाही फारसा विश्वास नव्हता. काकूंच्या नायिकेला मात्र बाणेरच्या एका क्लिनिकमध्ये पहिल्याच बैठकीत सगळं आठवतं, अगदी तिथीसकट. असं आयतं आठवलं की कादंबरी तिथेच संपते. आठवण तुकड्यांत यावी, अर्धी चुकीची असावी, आणि आठवणाऱ्याचं आजच्या जन्मात काहीतरी हातचं जावं.

दिल्लीची शांतिदेवी घ्या. जन्म १९२६चा. लहानपणापासून गेल्या जन्मीचं मथुरेतलं घर आणि नवरा सांगायची. १९३५ला मोठी मंडळी तिला घेऊन मथुरेला गेली. खरंखोटं सोडा, तिने सांगितलं काय? बाळंतपणानंतर आलेलं मरण, नवऱ्याचं दुकान, घरात लपवलेले पैसे. म्हणून लोक हादरले. राजवाडा सांगितला असता तर हसले असते.

आता काही मित्र म्हणतील, विषयच खुळचट, अंधश्रद्धा पसरवणारा. इतकं मान्य की या नावाखाली भोंदूगिरी चालते. २०१३च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ‘गेल्या जन्मी तू माझी बायको होतीस’ असं सांगून बाईला फसवणाऱ्याचा उल्लेख आहे, उगाच नाही. पण कादंबरी दावा करत नाही. आणि ‘कादंबरी’ हा शब्द आला कुठून? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या पुस्तकावरून, ज्यात प्रेमिकांचे दोन-दोन, तीन-तीन जन्म आहेत आणि एक तर पोपट होऊन येतो. बाण ती पुरी न करताच गेला, मुलाने पुरी केली. मराठीने एका अख्ख्या साहित्यप्रकाराला पुनर्जन्माच्या गोष्टीचं नाव दिलंय, आणि आपण नाकं मुरडतोय.

राग प्रकाशकावर होता. लिहिता लिहिता आता तो आपल्यावरच यायला लागलाय. काकूंनी कव्हर फेसबुकवर टाकलं तेव्हा किती जणांनी ‘अभिनंदन काकू’, ‘खूप खूप शुभेच्छा’, दोन हात, तीन फुलं टाकली? २०० प्रती त्यांनी भेट म्हणून वाटल्या. त्यातल्या एकानेही फोन करून ‘काकू, सातव्या पानावर काहीतरी गडबड आहे’ म्हटलं नाही. म्हणजे सहा पानंही कुणी उलटली नाहीत.

छापण्याआधी पाच माणसं हवीत फक्त. त्यातला एक इतिहास जाणणारा, एक अजिबात न जाणणारा, एक पुनर्जन्म न मानणारा. आणि एकही नातेवाईक नको. हस्तलिखित द्यायचं कागदावर, मोठ्या अक्षरात, एका बाजूला छापून, आणि सांगायचं की जिथे कंटाळा आला तिथे रेघ मारा, बाकी मत नको. पाचांपैकी तिघांची रेघ एकाच पानावर आली की ते पान जातं. सोबत दोन रकान्यांचा तक्ता भिंतीवर: एकीकडे हा जन्म, एकीकडे तो, वय, तिथी, जागा आणि दोन्हींत येणारी वस्तू किंवा आवाज. ८० हजार शब्दांच्या मजकुरातून पंधरा हजार गेले तर कुणी मरत नाही. छपाईआधी तीन प्रुफं, तिसरं मोठ्याने वाचून. पहिली छपाई १०० प्रतींची, डिजिटलवर. प्रतीमागे महाग पडते, पण चूक १०० प्रतींपुरतीच राहते.

हे सगळं काकूंना आज सांगून काय उपयोग, म्हणून तिथे काहीच बोलणं झालं नाही. पण पान १६३.

पान १६३ वर एक तांबटाची बायको येते. कसबा पेठेतली तांबट आळी, मठारकामाचे, म्हणजे हातोडीने तांबं ठोकण्याचे, ठोके. हिंजवडीची ती मुलगी सहज आळीतून जाते आणि ठोक्यांच्या लयीत एक ठोका चुकतो तो त्या मुलीला आधी कळतो, मारणाऱ्याला नंतर. हात आपोआप वर जातो. पुढे दीड पान फक्त तांबं, घाम आणि आवाज. ना सरदार, ना खून, ना क्लिनिक. काय लिहिलंय! ‘धमर्’ आणि ‘वषर्’ असूनही अंगावर काटा आला. एका माणसाने, फक्त एका माणसाने हे पुस्तक हस्तलिखितात वाचलं असतं तर म्हटलं असतं, काकू, ती सरदारकन्या काढून टाका, ही बाई ठेवा, हिचीच कादंबरी आहे.

ते तेवढं मात्र राहवलं नाही, सांगून टाकलं.

काकू जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ती माझी आजी. आमच्या घरी तांब्याचंच काम होतं. म्हटलं, असल्या साध्या बाईचं कोण वाचणार, म्हणून दोनच पानं दिली तिला.”

मग त्या उठल्या आणि ढिगातून कव्हर शाबूत असलेली एक प्रत काढून पिशवीत टाकली. दुकानदाराने परत काटा बघितला. साडेतीनशे ग्रॅम. चार रुपये कापले आणि ७४० त्यांच्या हातावर ठेवले.